उणे 25 ला वीज गेली तर, गॅसचं हीटिंग असलं तरी

तुम्ही विचारलंय की भाड्याच्या घरात हीटिंग गॅसवर आहे, मग कडाक्याच्या थंडीत वीज गेली तरी घर गरम राहीलच ना? आणि सोबत सात महिन्यांचं बाळ आणि सत्तरीतल्या सासूबाई असल्यामुळे एखादा हीटर आणून ठेवावा का? पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही'. दुसऱ्याचं थोडं लांबलचक आहे.

उत्तर अमेरिकेतल्या घरांत जो गॅसचा फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी भट्टी असते, त्यात गॅस फक्त जळण्यापुरता. कंट्रोल बोर्ड, धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा, इग्नायटर, गरम हवा खोल्यांत ढकलणारा ब्लोअर हे सगळं विजेवर. वीज गेली की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. बॉयलर आणि रेडिएटर असतील तर पाणी फिरवणारा पंप थांबतो. विजेवाचून चालतो तो बहुधा जुन्या धाटणीचा गीझर, ज्यात पायलट म्हणजे छोटी ज्योत कायम जळत असते. घर बघायला जाल तेव्हा बेसमेंटमधल्या त्या टाकीला विजेची वायर जोडलेली आहे का, हे बघून घ्या. नसेल तर वीज नसतानाही गरम पाणी मिळेल, आणि रबरी पिशव्या भरून अंथरुणात ठेवता येतील.

वीज बहुतेकदा काही तासांत येते, पण त्यावर विसंबू नका. जानेवारी 1998 च्या बर्फवादळात क्वेबेकच्या काही भागांत ती महिनाभर आली नव्हती. म्हणून पहिल्या तासातच एक खोली ठरवा: लहान, कमी खिडक्यांची, जमल्यास दक्षिणेची. दाराखालच्या फटीत टॉवेल, खिडक्यांवर ब्लँकेट. ऊन असेल तेवढा वेळ दक्षिणेचा पडदा बाजूला. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता सोडतो, म्हणजे तीन मोठी माणसं मिळून 300 वॉटचा हीटर. मोठ्या घरात ही ऊब विरून जाते, बंद खोलीत टिकते. झोपताना दिवसभराचे मोजे बदला, ते दमट असतात.

आता हीटर. घरात वापरता येतो असं स्पष्ट लिहिलेला प्रोपेनचा हीटर मिळतो. ऑक्सिजन कमी झाला की तो बंद पडतो. पण तो कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे जळण्यातून होणारा विषारी वायू, मोजत नाही. म्हणून खिडकीची बोटभर फट आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म, दोन्ही हवेच. झोपताना हीटर बंद. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू, गॅरेजमध्ये सुरू ठेवलेली गाडी हे दार उघडं असलं तरी करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, तर सर्दी समजू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि तिथून आपत्कालीन नंबर फिरवा.

बॅटरीचं गणित बहुतेक जण चुकवतात. 1000 वॉट-तासांच्या पॉवर स्टेशनवर (म्हणजे उचलून नेता येणाऱ्या मोठ्या बॅटरीवर) 1500 वॉटचा विजेचा हीटर 40 मिनिटंही चालत नाही. तेवढ्याच साठ्यावर 550 वॉट खाणारा फर्नेस, निम्मा वेळ चालतो असं धरलं तर, तीनेक तास अख्खं घर गरम ठेवतो, कारण उष्णता गॅस देतो. राऊटर आणि फोन तर किरकोळ. फक्त लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, ती कायमची बिघडते. गाडीत ठेवलेली असेल तर आधी घरात आणून ऊब येऊ द्या.

याहून मोठी सोय म्हणजे 2000 वॉटचा, इंधनावर चालणारा इन्व्हर्टर जनरेटर. तो बाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान 6 मीटर लांब, धूर घराच्या उलट दिशेला. आणि मग तो नेहमीचा घोटाळा: फर्नेस पेटतो, काही सेकंदांत विझतो, दोन-तीनदा तसंच करून लॉक होतो. फर्नेस बिघडलेला नसतो. ज्योत पेटली हे बोर्डाला कळतं ते ज्योतीतून अर्थिंगकडे जाणाऱ्या अगदी क्षीण करंटवरून. लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ बहुधा जोडलेले नसतात, त्यामुळे तो करंट सर्किट पुरं करू शकत नाही. घराचा न्यूट्रल तसाच जोडलेला ठेवणारा ट्रान्सफर स्विच (घर बाहेरच्या तारांवरून जनरेटरवर वळवणारा) इलेक्ट्रिशियनकडून बसवला की ही अडचण येत नाही. तुम्ही भाडेकरू आहात, तेव्हा हे घरमालकाशी करार करतानाच बोला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर प्लगमध्ये खुपसून घराला उलटी वीज देणं मात्र अजिबात नको; बाहेर तारा जोडणाऱ्या लाइनमनचा त्यात जीव जातो.

थंडी माणसांनी सोसली तरी पाइप सोसत नाहीत. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. बर्फाची गाठ आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप तिथेच फुटतो. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले नळ पेन्सिलच्या शिशाएवढ्या धारेने वाहते ठेवा, म्हणजे दाब सुटतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी. घरातला पारा 5 अंशांवर आला तर वाट बघू नका: मुख्य व्हॉल्व्ह बंद, गीझर बंद, वरच्या मजल्याचे नळ उघडे, मग सर्वांत खालच्या नळातून पाणी काढून टाका. फ्लशच्या टाक्या रिकाम्या करा. कमोडमध्ये आणि सिंकखालच्या वळणदार पाइपांत नळकामासाठी मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ ओता. गाडीचं नको, ते विषारी असतं. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे घर ताब्यात घेतलं त्याच दिवशी बघा, आणि एकदा फिरवूनही बघा. वर्षानुवर्षं न हललेले व्हॉल्व्ह जाम झालेले असतात.

बाळाबद्दल: पाळण्यात सुटी ब्लँकेट घालू नका, अंगावर थर चढवा आणि बाळाला अंगात घालायची झोपेची पिशवी वापरा. इतकं लहान मूल फारसं कुडकुडत नाही, त्यामुळे कुडकुडत नाही म्हणजे ठीक आहे असं धरू नका. छातीला हात लावून बघा. कातडी गार आणि मूल मरगळलेलं असेल तर तातडीची वैद्यकीय मदत. सासूबाईंची बोली जड झाली, बटणं लावता येईनात, तरी तेच. खोली 15 अंशांखाली जायला लागली की या दोघांना घेऊन निघायचं, आणि उजेड असताना, हे माझं मत. गॅरेजचं दार विजेवरचं असेल तर आतली लाल दोरी ओढून ते हातानं कसं उघडायचं, ते आधीच करून बघा. गाडीची टाकी निम्म्याखाली नको.

फ्रीजचं फार मनावर घेऊ नका: दार बंद राहिलं तर 4 तास, भरलेला फ्रीझर 48 तास.

वीज आल्यावर सगळे मोठे ब्रेकर एकदम चालू करू नका. आधी फर्नेस, दहा-पंधरा मिनिटांनी बाकीचं. त्याआधी घराबाहेर जाऊन फर्नेसच्या धुराच्या नळीवरचा बर्फ काढा, नाहीतर तो सुरूच होणार नाही. पाणी सोडताना मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा आणि नळांतली हवा निघून गेली की ते बंद करा. एक जण मीटरपाशी थांबू दे: सगळे नळ बंद असताना काटा फिरत असेल तर भिंतीत गळती आहे, व्हॉल्व्ह लगेच परत बंद. गीझर भरून नळाला सलग धार येईपर्यंत तो चालू करायचा नाही.