बिनवजनाची ज्योत

प्रश्न : अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, मग तेथे पेटवलेल्या मेणबत्तीची ज्योत कोणत्या दिशेला जाईल? माझा मुलगा म्हणतो, ती लगेच विझेल. हे खरे आहे का?

उत्तर : आधी एक दुरुस्ती करतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण भूपृष्ठाच्या जवळजवळ ९० टक्के असते. मात्र स्थानक आणि त्यातील सर्व काही, अगदी हवासुद्धा, पृथ्वीभोवती एकत्रच ‘पडत’ असल्यामुळे कशालाच वजन जाणवत नाही. ज्योत वर जाते ती नेमकी वजनातल्या फरकामुळे: तापलेली हवा हलकी होऊन वर सरकते, खालून थंड हवा येते आणि तिच्याबरोबर ताजा ऑक्सिजन वातीला मिळतो. पिवळा रंग येतो तो या प्रवाहाबरोबर वर जाताना तापून उजळणाऱ्या काजळीच्या कणांमुळे.

तेथे हा प्रवाहच नसल्यामुळे ज्योतीला दिशा उरत नाही. ती वातीभोवती गोलसर, मंद निळी होते आणि हवेतून संथपणे पसरत येणाऱ्या ऑक्सिजनवर जगते. आपल्या मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. १९९२ मध्ये अमेरिकी अवकाशयानात छिद्रे असलेल्या लहानशा पेटीत पेटवलेल्या मेणबत्त्या सुमारे मिनिटभरात विझल्या. पुढे रशियाच्या ‘मीर’ स्थानकावर, हवेला अधिक वाव असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, एक मेणबत्ती तब्बल ४५ मिनिटे जळत राहिली.

याहून विलक्षण गोष्ट आंतरराष्ट्रीय स्थानकावर आढळली. हेप्टेन या इंधनाच्या थेंबाची दिसणारी ज्योत विझल्यावरही थेंब लहान होतच राहिला, कारण बऱ्याच कमी तापमानाची, डोळ्यांना न दिसणारी ‘शीत ज्योत’ त्याला जाळत होती. ‘विझली’ हा शब्द तेथे जपूनच वापरावा लागतो!

स्थानकात खेळती हवा ठेवणारे पंखे सतत चालू असतात आणि ज्योतीला नसलेला वारा तेच पुरवतात. धूरही छताकडे जात नाही, तो पंख्यांच्या प्रवाहाबरोबर फिरतो, म्हणून धूर ओळखणारी यंत्रे हवेच्या मार्गात बसवलेली असतात आणि आगीचा इशारा मिळताच पंखे बंद केले जातात. अर्थात, फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मीर’वर ऑक्सिजन निर्माण करणारी नळकांडीच पेटली, तेव्हा आगीला बाहेरच्या हवेची गरज उरली नव्हती.