वाचक विचारतात : देवीच्या पूजेत देव कुठे?

प्रश्न : आमची कुलस्वामिनी तुळजाभवानी आणि कुलदैवत खंडोबा. नवरात्र देवीचं, मग घटाशेजारी खंडोबाचा टाक (देवाची मूर्ती उठवलेला धातूचा पत्रा) ठेवायचा का?

उत्तर : ठेवायचा. आपल्याकडे नवरात्रात नुसती देवी बसत नाही, ‘देव बसतात’. घटस्थापनेला सगळे टाक घासून, अभिषेक करून अगदी कोरडे पुसा. प्रत्येक टाकाखाली विड्याची दोन पानं, देठ देवाकडे. मधे देवी, शेजारी खंडोबा आणि असल्यास भैरवनाथ. मग ते दसऱ्यापर्यंत जागचे हलवायचे नाहीत. रोजचं स्नानही नाही. हळद-कुंकू, फूल आणि घटावर माळ एवढंच.

बिघडतं ते पाण्यामुळे. मातीचा घट पाझरतो. त्याच्याखालची, धान्य पेरलेली माती टाकांना लागून असेल, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानं कुजतात आणि चांदी काळी पडते. म्हणून मातीची पत्रावळ काठाच्या ताटात ठेवा आणि टाक वीतभर दूर पाटावर मांडा. मातीचा थर दोन-तीन बोटं पुरे. सकाळी हाताने पाणी शिंपडा, ओतू नका. माती चिखलासारखी झाली की धान्याला आंबूस वास येतो आणि अंकुर फुटत नाहीत. घट तांब्याचा असेल तर तो पाझरत नाही, तेव्हा शिंपडणं थोडं वाढवा.

काही घरांत आश्विनात खंडोबा बसवत नाहीत. त्याचं नवरात्र वेगळं : मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा ते चंपाषष्ठी. तुमच्या घरी तसं चालत आलं असेल, तर आमचं ऐकून बदलू नका.

प्रश्न : दुर्गासप्तशतीच्या विनियोगात (पाठाआधी ऋषी, देवता वगैरे सांगणाऱ्या संकल्पात) ब्रह्मा, विष्णू, रुद्र ही नावं येतात. म्हणजे पाठ त्यांचाही झाला का?

उत्तर : नाही. ते तिथे ऋषी, म्हणजे मंत्रांचे द्रष्टे आहेत, देवता नव्हेत. सप्तशतीचे तीन भाग आहेत, त्यांना चरित्रं म्हणतात. पहिल्या अध्यायाचा (प्रथम चरित्र) ऋषी ब्रह्मा, देवता महाकाली. २ ते ४ चा (मध्यम) ऋषी विष्णू, देवता महालक्ष्मी. ५ ते १३ चा (उत्तर) ऋषी रुद्र, देवता महासरस्वती. घाईत म्हणताना ‘ऋषिः’ आणि ‘देवता’ या शब्दांपाशी श्वास तुटतो आणि नावांची सरमिसळ होते. चरित्रागणिक विनियोग थांबून म्हणा.

कथेत मात्र देव भरपूर आहेत. दुसऱ्या अध्यायात शिवाच्या तेजातून देवीचं मुख होतं, विष्णूच्या तेजातून बाहू. शिव आपल्या त्रिशुळातून त्रिशूळ काढून तिला देतो, विष्णू चक्रातून चक्र. आठव्या अध्यायात तर ती शिवालाच शुंभ-निशुंभ या असुरांकडे दूत म्हणून धाडते. त्यावरून तिचं नाव शिवदूती. हे नाव पुष्कळजण ‘शिवाची दूती’ असं समजतात. अर्थ नेमका उलटा : शिव जिचा दूत, ती.

प्रश्न : देवीच्या दर्शनाला गेलं की भैरवाचंही दर्शन घ्यावं, असं का म्हणतात?

उत्तर : भैरव क्षेत्रपाल, म्हणजे देवीच्या जागेचा राखणदार. शक्तिपीठांच्या परंपरेत प्रत्येक पीठाला आपला भैरव असतो : कामाख्येला ब्रह्मपुत्रेतल्या बेटावरचा उमानंद, कालीघाटला नकुलेश्वर. तुळजापुरात काळभैरवाचं देऊळ वेगळं आहे, पण आश्विन अमावास्येला त्याची पेटती भेंडोळी (पलिते बांधलेला लांब दांडा) खांद्यावरून देवीच्या मंदिरात आणतात. त्या दिवशी जाणार असाल तर नायलॉनचे कपडे घालू नका आणि लहान मुलांना वाटेपासून लांब उभं करा.