देवयानीतला दरवर्षी पेटणारा नवतारा टिपताना

'एम३१एन २००८-१२ए' हा नवतारा (स्फोटामुळे काही काळ अचानक उजळणारा तारा) हौशी दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांना दिसेल ही आशा सोड. देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे; ऐन भरातही हा नवतारा १८व्या प्रतीच्या आसपास असतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक). कॅमेरा हवाच, आणि अनेक एक्स्पोजर एकावर एक रचण्याचा धीरही.

खरी अडचण वेगाची. याचा श्वेतबटू (मृत ताऱ्याचा छोटा, अतिघन गाभा) वस्तुमानाने चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे श्वेतबटूला पेलणाऱ्या कमाल वस्तुमानाच्या, अगदी जवळ आहे, त्यामुळे जोडीदार ताऱ्याकडून येणारा थोडा हायड्रोजन त्यावर साचला तरी स्फोट होतो, साधारण वर्षाला एक. (केवढी विलक्षण गोष्ट!) पण दोनेक दिवसांत तो दोन प्रतींनी मंदावतो. म्हणून अपेक्षित काळाच्या बऱ्याच आधीपासून रोज फोटो घे. तो शांत असतानाचा, त्याच दुर्बिणीतून घेतलेला फोटो तुलनेसाठी जवळ ठेव.

ठिपका दिसला तर तासाभराने पुन्हा टिप. सरकला तर लघुग्रह. जागा तंतोतंत जुळली तर मात्र लगेच कळव, कारण वर्णपट घेणाऱ्या मोठ्या दुर्बिणींना सुरुवातीचे तास हवे असतात. काहीच न दिसलेल्या रात्री कोणत्या प्रतीपर्यंतचे तारे उमटले तेही लिही. स्फोट नेमका कधी सुरू झाला, हे त्याच नोंदीवरून ठरतं.