मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला एवढा विरोध का झाला आणि तेव्हा कॅम्पसवर वातावरण कसं होतं?

"अस्मितेमुळे विरोध झाला" हे उत्तर मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि मला ते अजिबात पटत नाही.

विद्यापीठ सुरू झालं २३ ऑगस्ट १९५८ ला, उद्घाटनाला नेहरू आले होते. त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली. पण बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं ते १९५० मध्येच, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. आमच्या दलित वस्त्यांमधली पोरं नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्याच परिसरात, राहून शिकली ती तिथूनच. मग बाबासाहेबांचं नाव मराठवाड्याला परकं कसं?

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा विधिमंडळात ठराव झाला आणि खेडोपाडी जाळपोळ सुरू झाली. मी दहावी पास होऊन मिलिंदला जायच्या तयारीत, मार्कशीट, नवीन कपडे, वडिलांनी सालाच्या पैशातून उचल घेतलेली फी, सगळं एका पत्र्याच्या पेटीत, आणि ती पेटी घरासकट जळाली. आम्ही पावसात ओढ्याकडेला बसून होतो. नंतर हेडमास्तरांनी शाळेच्या रजिस्टरवरून मार्क हाताने उतरवून सही-शिक्का करून दिला, स्वतः तालुक्याला येऊन दिला. तरी वर्ष गेलंच.

आता आमच्या वर्गातला एक जण दर गेट-टुगेदरला म्हणतो, आपल्या गावात काही झालं नाही, जे केलं ते बाहेरच्यांनी. बाहेरच्यांना आमची घरं कोणती हे कोणी दाखवलं? लागूनच असलेल्या गोठ्याला धगसुद्धा लागली नाही! आणि जाळणाऱ्यांपैकी विद्यापीठ पाहिलेलं होतं कोणी? आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावकीची कामं नाकारली, गायरान कसायला घेतलं, पोरं नोकरीला लागली, राग त्याचा होता. त्याच दंगलीत टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला तो काय विद्यापीठाच्या पाटीसाठी?

कॅम्पसचं म्हणाल तर मी गेलो तेव्हा भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा होत्या, मेसमध्ये पोरं वेगवेगळी बसायची. १९७९ मध्ये नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च निघाला, आंदोलनं चालूच राहिली, १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, तेही 'मराठवाडा' तसंच ठेवून. ठराव झाला तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवार आणि नाव दिलं तेव्हाही तेच, मधली १६ वर्षं आम्ही मोजली.

हां, विरोध करणारे सगळेच जाळपोळ करणारे नव्हते हेही खरं. गोविंदभाई श्रॉफांसारखी मुक्तिसंग्रामातली माणसं विरोधात होती, बाबा आढावांसारखी बाजूने उभी राहिली, आणि आमचे हेडमास्तरही सवर्णच होते.

तुम्ही यावर प्रोजेक्ट करताय म्हणालात, तर अस्मितेवरचे लेख नंतर वाचा. आधी एखाद्या गावात जा, वस्तीत बसा, कोणाचं घर जळालं ते विचारा आणि मग पाटलाच्या वाड्यावर जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारा.