व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं चांदीचं नाणं मुंबईत गुंतवणूक म्हणून घ्यावं का?

गुंतवणूक म्हणून? नको. झवेरी बाजारातून ९९९ शुद्धतेची लगड घ्या, पावती जपा. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाच्या नावाने ऑस्ट्रियात निघणाऱ्या ह्या नाण्यावर चांदीच्या भावाच्या वर भरलेले जास्तीचे पैसे इथल्या सराफाकडून परत मिळणं कठीण. त्यावर दीड युरो लिहिलंय, तेही नावापुरतं.

पण "शेवटी एक औंस चांदीच ना ती?" असं तुम्ही विचारलंय. आमच्या दादाचंही अगदी हेच वाक्य, म्हणून लिहायला बसलो.

बाबांनी तीसेक वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला चेलो, म्हणजे बसून वाजवायचं व्हायोलिनसारखंच मोठं वाद्य, वाजवला. खुर्ची कायम मागच्या रांगेत, नाव कुठेच नाही. हे नाणं सोन्यात १९८९ पासून आहे, चांदीत २००८ ला आलं. त्याच वर्षी मावसभावाने ते व्हिएन्नाहून आणलं. एका बाजूला ह्या वाद्यवृंदाच्या म्युझिकफेराइन सभागृहाचा मोठा ऑर्गन. आपल्या मुंबईत जन्मलेल्या कंडक्टर झुबिन मेहतांनी २००७ चा नववर्षाचा कार्यक्रम तिथेच केला होता. दुसऱ्या बाजूला हॉर्न, बॅसून हे फुंकवाद्य, हार्प, व्हायोलिनं, आणि सगळ्यांच्या मधोमध चेलो. बाबांनी गिरगावच्या खोलीत खिडकीशी उभं राहून भिंगातून ते कितीतरी वेळ पाहिलं. म्हणाले, "चेलो मध्ये घेतलाय रे." त्यानंतर ते नाणं त्यांच्या उशाशीच असायचं.

बाबा आजारी पडले तेव्हा दादा मला न विचारता ते विकायला घेऊन गेला. सराफाने पारखायला कानस लावली तेवढ्यात मी पोचलो. येणाऱ्या पैशांत दोन दिवसांची औषधंही आली नसती. पैशांची ओढाताण होती हे मला मान्य आहे, पण विकायला घरात दुसरं काही नव्हतं असं नाही. माणसाच्या उशाखालची वस्तू तो जिवंत असताना मोडायची नसते. दादाला हे आजही पटत नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर घरात वाजवणारं कुणी असेल त्याच्यासाठी घ्या. वजन ३१.१ ग्रॅम, व्यास ३७ मिलिमीटर, कड गुळगुळीत. हे जुळलं नाही तर घेऊ नका, आणि जुळलं तरी बिलाशिवाय नको. हो, ह्या नाण्यांवर कधीकधी दुधासारखे पांढरे डाग येतात. त्यावरून ते खोटं ठरत नाही. रांगोळीने घासू मात्र नका, माझ्या नाण्यावर कानशीचा एक ओरखडा आहे तेवढा पुरे.