जुनं इंजिन खाणमालकांना का सोडवेना?

प्रश्न : वॉटचं वाफेचं इंजिन न्यूकमेनच्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळशात चालत असे, असं वाचलं. मग इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींवर पुढे वर्षानुवर्षं जुनंच इंजिन का चालू राहिलं? मालक अडाणी होते की चिक्कू? आणि वॉटच्या पेटंटने प्रगती झाली की अडली?

उत्तर : चिक्कू होते, अडाणी मुळीच नव्हते. माझी सगळी नोकरी खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपांपाशी गेली आहे, तेव्हा थोडा पाल्हाळ सोसून घ्या.

न्यूकमेनचं इंजिन १७१२ साली डडलीजवळ कोळशाच्या खाणीवर बसलं. दर फेरीला वाफेने भरलेल्या सिलिंडरात थंड पाणी सोडायचं, वाफ निवली की पोकळी होई आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येई. पण त्या पाण्याने सिलिंडरही गार पडे. ते पुन्हा तापवण्यातच पुष्कळसा कोळसा जळे. वॉटने १७६९च्या पेटंटात वाफ निववायला वेगळं भांडं जोडलं आणि सिलिंडर तापलेलंच राहू लागलं.

इंजिनिअर म्हणून मी इथेच टाळ्या वाजवीन. खाणीचा हिशेबनीस मात्र विचारील, वाचलेला कोळसा विकणार कुणाला? कोळशाच्या खाणीवर बॉयलरला घालत तो चुरा. त्याला गिऱ्हाईक नव्हतं, लांब नेला तर वाहतुकीचाही खर्च सुटत नसे. फुकटच्या चुऱ्यात बचत करायला महागडं, नाजूक कामाचं इंजिन कोण घेईल? वर बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीला पैसे द्यायचे ते वेगळेच. यॉर्कशरमध्ये एल्सकारला १७९५ साली न्यूकमेन पद्धतीचं नवं इंजिन उभं केलं, तेव्हा वॉटची इंजिनं विकायला लागून जवळजवळ वीस वर्षं झाली होती. ते १९२३पर्यंत कामावर होतं. त्या खाणमालकाला मी तरी नावं ठेवणार नाही.

आता इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलला चला. तिथे तांबं आणि कथील, खाणी खोल, पाणी भरपूर, आणि कोळसा औषधालाही नाही. तो वेल्सहून जहाजाने यायचा आणि तांब्याचं खनिज वितळवायला वेल्समधल्या स्वान्सीकडे जायचं. इथे प्रत्येक टोपलीला पैसे मोजावे लागत, म्हणून वॉटच्या इंजिनाला खरी मागणी इथली. कंपनीची अट अशी, की न्यूकमेनच्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग आम्हाला द्या. इंजिनाच्या फेऱ्या मोजायला कुलूपबंद पेटीत मोजणीयंत्र ठेवत. (मीटरशी छेडछाड होणार हा संशय तेव्हापासूनचा!) बचत खरी होती, तरी वर्षामागून वर्षं पैसे भरताना मालक कुरकुरू लागले. हॉर्नब्लोअर, बुल अशा स्थानिक इंजिनिअरांनी स्वतःची इंजिनं बांधली, खटले झाले. पार्लमेंटने १७७५ साली पेटंटची मुदत वाढवून दिली होती, ती १८०० साली संपली.

पुढचा भाग माझ्या फार आवडीचा. १८११पासून जोएल लीन या तिथल्या खाण-व्यवस्थापकाने दर महिन्याला इंजिनांच्या कामगिरीचा तक्ता काढायला सुरुवात केली. कुठल्या खाणीवरचं इंजिन, इंजिनिअर कोण, आणि एक बुशेल (कोळसा मोजायचं तेव्हाचं माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढलं, हे सगळं त्यात उघड. सुरुवातीची सरासरी २ कोटी पौंडांच्या आत होती. १८३५ साली फोवी कॉन्सोल्स खाणीवरच्या एका इंजिनाने चाचणीत १२.५ कोटी गाठले. मधल्या काळात ट्रेव्हिथिक या कॉर्नवॉलच्याच इंजिनिअरने जास्त दाबाची वाफ आणली. १८१२ साली व्हील प्रॉस्पर खाणीवर बसवलेल्या इंजिनाचं त्याने पेटंटही घेतलं नाही.

मालकांनी आपली गुपितं अशी चारचौघांत का मांडली? त्यांचे पैसे बहुधा एकाच खाणीत अडकलेले नसत, शेजारच्या खाणीतही हिस्सा असे. शिवाय तांब्याचा भाव कॉर्नवॉलमधली एखादी खाण ठरवत नव्हती. शेजाऱ्याचा उपसा स्वस्त झाला, तर माझं गिऱ्हाईक तुटत नाही. इंजिनिअरला तर तक्त्यात नाव वर येणं म्हणजे पुढचं काम मिळणं.

पेटंटबद्दल माझं मत असं. पहिल्या काही वर्षांत त्याचा उपयोग झाला, कारण कंपनीला त्याच्या आधाराने भांडवल गुंतवता आलं. पण वॉटचा जास्त दाबाच्या वाफेला विरोध होता, आणि पेटंट हातात असेपर्यंत इतरांना त्याच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. शेवटची दहा वर्षं तरी ते अडसरच होतं. मात्र पेटंट संपल्याबरोबर सगळं सुधारलं असंही नाही. कंपनीची माणसं कॉर्नवॉल सोडून गेल्यावर इंजिनांची देखभाल ढासळली आणि कामगिरी उलट घसरली. लीनचा तक्ता सुरू झाला तो त्यावरचा उपाय म्हणूनच.