वाचकांचे प्रश्न : दोन बकेटी, एकच खण

प्रश्न : ताई, आमच्या नगरपालिकेनं दोन बकेटी दिल्या, हिरवी अन् निळी. डेपोवर जाणारा कचरा कमी करायचा, ओल्याचं खत अन् सुका रिसायकलिंगला, असा प्लॅन आहे म्हणे. मी सहा महिने इमानदारीत वेगळा करून द्यायलेय अन् घंटागाडीवाला माझ्या डोळ्यादेखत दोन्ही एकाच खणात उलटा करायलाय. मग मी कामून मरू? (एक गृहिणी, जालना जिल्हा)

उत्तर : राग बरोबरचय तुमचा. घनकचरा नियमांत वेगळा करून द्यायचं काम आपलं आहे, तसं वेगळाच उचलायचं काम नगरपालिकेचं. पण गाडीवाल्या पोराशी भांडू नका, बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराला टनामागे पैसे मिळतात, ओलं-सुकं एकत्र करून वजन भरलं की त्याचं झालं काम. त्यापेक्षा गल्लीतल्या पाच-सात जणी मिळून स्वच्छता निरीक्षकाला लेखी द्या, गाडीचा नंबर, वेळ, फोटो सगळं लावून, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घ्या, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही (अनुभव आहे).

आणि डेपोचं म्हणाल तर संभाजीनगरचं नारेगाव आठवा. तीसेक वर्षं अख्ख्या शहराचा कचरा तिथंच पडायचा, 2018 च्या फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात चौकाचौकात ढीग लागले. दुसरी जागा शोधायला गेले तर मार्चात मिटमिट्याला दगडफेक झाली. कोर्टानंही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली, मग कुठं चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी इथं प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. मुद्दा काय तर आपला कचरा कुठलंच गाव घेत नाही, आणि का घ्यावा? आपल्या घरातला निम्म्याहून जास्त कचरा ओलाच असतो, तोच ढिगात दबून सडतो, गॅस धरतो, उन्हाळ्यात पेटतो आणि त्याचं काळं पाणी विहिरीत उतरतं. म्हणून गाडी सुधरेपर्यंत ओला कचरा घरीच जिरवा, सुकाच तेवढा गाडीत द्या.

प्रश्न : बकेटीत खत करायला घेतलं पण एप्रिलमधे सगळं कडकड वाळून गेलं. आमच्याकडं प्यायलाच पाणी आठ दिवसांनी येतं, खताला कुठून आणू? (एक शिक्षक, बीड)

उत्तर : सर, नवं पाणी नकोच. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी टाकायचं, थोडं आंबट ताक शिंपडायचं, बस. बकेट गच्चीवरून काढून जिन्याखाली सावलीत ठेवा आणि वर ओलं पोतं टाका. मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे पण पाणी गळायला नको. शिळ्या भाकरीचे तुकडे कुस्करून टाका नाहीतर बुरशीचा गठ्ठा होतो. वाळलं म्हणजे वाया गेलं असं नाही हो, ओलावा मिळाला की परत सुरू होतं.

प्रश्न : भंगारवाला कुरकुऱ्यांची पाकिटं घेत नाही, जाळू का?

उत्तर : अजिबात नको. त्यात प्लास्टिक आणि चमकीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे निघत नाहीत म्हणून भंगारात त्याला भाव नाही. कोरडी करून एका पिशवीत साठवा आणि सुक्यात द्या, वेगळी पोचली तर सिमेंट कारखान्याच्या भट्टीत इंधन म्हणून चालतात. पत्रा, पुठ्ठा, बाटल्या मात्र भंगारवाल्यालाच द्या, तो खरं रिसायकलिंग करतो आणि वर चार पैसे पण देतो.